ओपनटीटीडी: वाचनालयात बिनघोर ठेवावा असा गेम

आमच्या वाचनालयात चार संगणक आहेत. शाळा सुटली की मुलं येतात, पुस्तक बदलतात आणि कुठला संगणक मोकळा आहे ते बघतात. या उन्हाळी सुट्टीत त्यांच्यासाठी डोकं चालवायला लावणारा एखादा गेम टाकावा, असं कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलं. ट्रान्सपोर्ट टायकून या बस-रेल्वेची कंपनी चालवायच्या जुन्या गेमचं नाव मीच काढलं, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. ओपनटीटीडी हे त्याचंच आजच्या मशीनवर चालणारं मोफत रूप. मी एसटीच्या वाहतूक शाखेत तीस वर्षं काढली. फेऱ्या आखणं, वेळापत्रक बसवणं, ड्यूट्या लावणं, हेच केलं. ग्रंथपाल बाईंनी एकच अट घातली. म्हणाल्या, "काका, टाका की. पण परवाना काय आहे ते मला कागदावर दाखवा. आपण अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून कपाटात ठेवत नाही ना? मग हेही तसंच."

अट रास्त होती. ती पुरी करताना या गेमबद्दल जे कळलं, आणि दोन महिने तो खेळून, मुलांना खेळवून जे दिसलं, ते लिहितोय. ज्यांना फक्त टाकू की नको एवढंच विचारायचंय त्यांना आधीच सांगतो: टाका. फुकट आहे, उत्तम आहे, आणि दुसऱ्याला देताना मनात काही खुपत नाही. हे शेवटचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं आहे.

याचा मूळ गेम मला पहिल्यांदा भेटला २००० साली. मुलासाठी संगणक जोडून घेतला होता. जोडून देणाऱ्याने वरून एक सीडी दिली, कागदी पाकिटात, त्यावर स्केचपेनने 'शंभर गेम' लिहिलेलं. त्यातले नव्व्याण्णव मुलाचे, एक माझा. दुसरी पाळी करून रात्री अकराला घरी यायचो, जेवायचो आणि तासभर बसायचो. दिवसभर जे कागदावर आखायचो ते इथे पडद्यावर धावताना दिसायचं. फेरी लांबली की स्टँडवर माणसं साठतात, गाडी वाढवली की भारमान, म्हणजे गाड्या भरण्याचं प्रमाण, पडतं, हे सगळं त्यात होतं. ती सीडी चोरीची होती. त्या वेळी आमच्याकडे कुणी तसं म्हणत नसे, पण होती. पुढे हार्ड डिस्क गेली आणि तो विषय संपला.

मूळ गेम क्रिस सॉयर या स्कॉटिश माणसाने लिहिला. मायक्रोप्रोज कंपनीने तो १९९४ मध्ये बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याची वाढीव 'डीलक्स' आवृत्ती आली. सॉयरने तो असेंब्लीत लिहिला होता, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञांना अगदी खेटून असलेल्या भाषेत. म्हणून त्या काळच्या साध्या मशीनवरही इतक्या गाड्या एकाच वेळी धावायच्या. पुढे विंडोजच्या आधीचं डॉस गेलं, विंडोज बदलत राहिलं, आणि जुना गेम नव्या मशीनवर धड चालेनासा झाला.

ओपनटीटीडी म्हणजे काय, हे मी कार्यकारिणीला असं सांगितलं. एसटी चेसिस कंपनीकडून विकत घेत आली. इंजिन, गिअर, चाकं सगळं त्या सांगाड्यावर. बॉडी चढायची ती दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या आपल्या कार्यशाळांमध्ये. पत्रा, बाकं, खिडक्या, लाल रंग. गेममध्येही हे दोन भाग वेगळे असतात. गाडी कुठे वळणार, किती माणसं चढणार, फेरीचे किती पैसे मिळणार, हे चालवणारा प्रोग्राम म्हणजे चेसिस. त्याला इंजिनच म्हणतात. चित्रं, आवाज, संगीत ही बॉडी. आणि दोन्हींवर ज्याचा त्याचा हक्क वेगळा. चेसिस मोकळी मिळाली म्हणून बॉडी मोकळी होत नाही. जुने गेम नव्या मशीनवर आणण्याच्या भानगडीत लोकांची गफलत इथेच होते.

लुडविग स्ट्रिगेउस हा स्वीडनचा प्रोग्रामर. पुढे म्यूटॉरेंट हा नेटवरून फायली उतरवायचा प्रोग्राम लिहिणारा तोच. त्याने डीलक्सचा चालता प्रोग्राम उलगडला, सी या प्रोग्राम लिहायच्या भाषेत पुन्हा मांडला आणि मार्च २००४ मध्ये ओपनटीटीडीची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. चेसिस मिळाली. बॉडी मात्र ज्याची त्याने आणायची. पुढची सहा वर्षं पद्धत अशी होती की मूळ सीडीवरच्या चित्रांच्या आणि आवाजांच्या फायली उचलून ओपनटीटीडीच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, तरच गेम सुरू व्हायचा. ज्याच्याकडे मूळ सीडी आहे त्याला अडचण नाही. आमच्यासारख्यांकडे ती कधीच नव्हती.

पुतण्या पुण्यात आयटीत आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "काका, मूळ फायली नेटवर दोन मिनिटांत मिळतात. बेवारस गेम आहे तो, अबँडनवेअर म्हणतात. कोण येतंय विचारायला?" पोरगा मनाने चांगला आहे, पण हे मला पटलं नाही. गाडीत राहिलेली बॅग बेवारस दिसते म्हणून वाहक ती घरी नेत नाही, कंट्रोलरकडे जमा करतो. आणि हा गेम तर बेवारस नव्हताच. २०१३ मध्ये ट्रान्सपोर्ट टायकून याच नावाने त्याची अधिकृत मोबाइल आवृत्ती विकायला आली होती. दुकानात वस्तू दिसत नाही, एवढ्यावरून तिला मालक नाही असं होत नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृतीत धरतो, आणि साहित्यकृतीवरचा हक्क लेखक गेल्यानंतरही ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले आणि त्यांचं लेखन २०११ उजाडल्यावर सर्वांसाठी मोकळं झालं, हे वाचनालयवाल्यांना सांगायला नको. त्या हिशेबात १९९४ चा गेम म्हणजे कालचा.

मग मला ओपनजीएफएक्सबद्दल कळलं आणि खरं सांगतो, छाती भरून आली.

झालं असं की जगभरच्या हौशी लोकांनी ठरवलं, बॉडीसुद्धा आपणच बांधू. मूळ गेममध्ये प्रत्येक चित्राला क्रमांक आहे आणि प्रोग्राम क्रमांकानेच चित्र मागतो. अमुक क्रमांक म्हणजे उत्तरेकडे तोंड केलेली बस, अमुक म्हणजे कोळशाने भरलेली वाघीण. अशी हजारो चित्रं. प्रत्येक क्रमांकाच्या जागी त्याच मापात बसणारं, पण स्वतः काढलेलं चित्र ठेवायचं. एकसुद्धा मूळचं उचलायचं नाही. चित्रांचा संच ओपनजीएफएक्स, आवाजांचा ओपनएसएफएक्स, संगीताचा ओपनएमएसएक्स. १ एप्रिल २०१० रोजी ओपनटीटीडीची १.० आवृत्ती आली, आणि तेव्हापासून मूळ सीडीची गरज उरली नाही.

एका संध्याकाळी मी गेम थांबवला आणि एका बसवर जवळ जाऊन बघत बसलो. पडद्यावर ती बस नखाएवढी. रस्ता वळला की चित्र बदलतं. आठ दिशांची आठ चित्रं. रंग मोजके, २५६ ठरलेले. त्यातल्या काही छटा कंपनीच्या रंगासाठी राखून ठेवल्यात. मी लाल निवडला तर बाजूचा पत्रा तेवढा लाल झाला. काच काचच राहिली, टायर काळाच राहिला. वळणावर पुढच्या काचेवर उजेडाचे दोन ठिपके दिसतात, आणि पुढच्याच दिशेच्या चित्रात ते सरकलेले असतात. एवढ्या नखाएवढ्या जागेत कुणीतरी ऊन कुठून येतंय याचा विचार केलाय. पैसे न घेता. केवळ तुम्ही-आम्ही दुसऱ्याच्या मालाला हात न लावता खेळू शकावं म्हणून. बॉडीबिल्डिंगच्या शेडमध्ये हातोडीने पत्र्याची कड बसवणारे कारागीर मी पाहिलेत. मला तेच आठवले.

आता जी गोष्ट बाईंनी विचारली नव्हती, पण मीच त्यांना सांगितली, तीही लिहितो. चित्रं नव्याने काढली हे खरं. पण इंजिनचा उगम मूळ प्रोग्राम उलगडण्यात आहे. गेम लांबून बघून शून्यातून लिहिलेलं हे इंजिन नव्हे. आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याला प्रोग्राम कसा चालतो ते अभ्यासायला, आणि दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यापुरती माहिती काढायला मोकळीक आहे. पण उलगडलेला सगळा प्रोग्राम नव्या भाषेत मांडून वाटावा, असं त्यात म्हटलेलं नाही. ही करडी जागा आहे आणि ती झाकून ठेवणं मला योग्य वाटलं नाही.

हाच मार्ग दुसऱ्या एका गेमच्या बाबतीत कोर्टात गेला. व्हाइस सिटी आपल्याकडे सायबर कॅफेत बसलेल्या पिढीला सांगायला नको. तो आणि त्याच्या आधीचा जीटीए थ्री काही प्रोग्रामरांनी असाच उलगडून पुन्हा लिहिला. चित्रं, आवाज, मिशनं ज्याने त्याने आपल्या विकतच्या प्रतीतून आणायची, अशी त्यांचीही अट होती. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये मालक कंपनी टेक-टूने तो प्रकल्प गिटहब या प्रोग्राम ठेवायच्या साइटवरून उतरवायला लावला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दावा लावला. म्हणजे 'बॉडी तुमची तुम्ही आणा' एवढं म्हटलं की सुटलो, असं नाही. मालकाच्या मनावर बरंच असतं.

याउलट डूम, हा बंदुकीने राक्षस मारायचा जुना गेम. तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये त्याच्या इंजिनचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, आपण होऊन लोकांना दिला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या 'वापरा, बदला, वाटा' म्हणणाऱ्या परवान्याखाली आणला. तिथेही एक अडचण होती. डॉसवरच्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याची होती, ती देण्याचा हक्क आयडीकडे नव्हता; म्हणून लिनक्स या दुसऱ्या यंत्रणेवरच्या आवृत्तीचा कोड दिला गेला. आणि डूमच्या लेव्हल, राक्षस, भिंती आजही मोकळ्या नाहीत. इंजिन तेवढं मोकळं आहे. मालकाने स्वतःच्या हाताने दिलेलं सगळ्यात चोख, यात वाद नाही. पण मुलांच्या वाचनालयात मला डूम नको होता.

ओपनटीटीडी वीस वर्षांहून जास्त काळ उघड्यावर, स्वतःच्या नावाने चालू आहे. मूळचा सी कोड पुढे सी++ मध्ये नेला गेला, त्यावर शेकडो हातांनी काम केलं. एप्रिल २०२१ मध्ये तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातही आला. हे सगळं मी बाईंना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि आम्ही दोघांनी ठरवलं की ठेवू.

आता खेळाबद्दल.

साधारण १९५० पासून सुरुवात होते. कर्ज घेऊन दोन गावांमध्ये बस सोडायची. पहिली बस ३१ आसनांची, वेग ताशी ५६ किलोमीटर. पैसे मिळतात ते अंतर, माल किंवा माणसं किती, आणि पोचायला किती दिवस लागले यावर. चलनात रुपया निवडता येतो. मुलांसाठी तो लगेच निवडला. झाडं तोडून रस्ता काढला तर गावची नगरपालिका नाराज होते आणि नवा थांबा बांधू देत नाही. पुन्हा झाडं लावली की हळूहळू मन वळतं.

मूळ गेमपेक्षा यात जे वाढलंय त्यातल्या दोन गोष्टी माझ्या धंद्याच्या. पहिली, रस्त्यावरचा थांबा. जुन्या गेममध्ये प्रत्येक बस थांब्याच्या आत वळून पुन्हा बाहेर पडायची, त्यामुळे चार गाड्या एकदम आल्या की रस्ता तुंबायचा. इथे गाडी रस्त्यातच थांबते, माणसं घेते आणि सरळ पुढे जाते. दुसरी, वेळापत्रक. प्रत्येक थांब्यावर किती वेळ उभं राहायचं आणि दोन थांब्यांमध्ये धावती वेळ किती, हे गाडीगणिक लावता येतं. एक फेरी मारू द्यायची आणि वेळ गेमलाच टिपू द्यायची, अशीही सोय आहे. गाडी लवकर पोचली तर थांबते, उशीर झाला तर थांब्यावरचा वेळ खाऊन भरून काढायला बघते. आम्ही स्टँडवर हेच करायचो. जुन्या पद्धतीत शेजारच्या गावाला जायला बसला कित्येक दिवस लागतात, ते मला कायम खटकायचं. २०२४ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीपासून वेळ मिनिटं-सेकंदात मोजायचा पर्याय आहे. तो चालू केल्यावर वेळापत्रक वेळापत्रकासारखं वाटायला लागलं.

प्रवाशांना ठरलेलं गाव देण्याचा पर्यायही आहे. एरवी प्रवासी येईल त्या गाडीत बसतो आणि नेईल तिथे उतरतो. हा पर्याय लावला की त्याला जायचं ठिकाण असतं, मध्ये गाडी बदलून तो तिथे जातो. मग जंक्शनच्या गावात गर्दी उसळते, जोडगाडी चुकली की स्टँड भरून जातो. ज्याने दिवाळीच्या गर्दीत स्टँड सांभाळलाय त्याने हा पर्याय लावून बघाच. मात्र मुलांना पहिल्या आठवड्यात तो देऊ नका.

उणिवा आहेत. रेल्वेचे सिग्नल समजायला फार वेळ जातो, आणि ते समजले नाहीत तर दोन गाड्या समोरासमोर येऊन जन्मभर उभ्या राहतात. मी पहिल्या सुट्टीपुरती मुलांना बस आणि ट्रकच दिले. नवख्याला हात धरून शिकवणारं आत फारसं काही नाही. मराठी भाषांतराचं काम सुरू झालेलं आहे पण पुरं नाही, म्हणून इंग्रजीतच चालवतोय आणि नेहमी लागणाऱ्या पंचवीस शब्दांचा तक्ता भिंतीवर लावलाय. अक्षरं बारीक वाटतात. सेटिंगमध्ये आकार दुप्पट करता येतो, तो पहिल्याच दिवशी करा. गेममधूनच नव्या गाड्या, नवी गावं, संगणकाचे प्रतिस्पर्धी उतरवून घेता येतात, पण प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो. काही संच खेळायला चालतात पण पुढे वाटायला नाही. परवाना तिथेच उघडून वाचता येतो. वाचा. मी वाचून तीनच संच ठेवले.

टाकायला अवघड नाही. पहिल्यांदा चालू केलं की चित्रं उतरवू का, असं तो स्वतःच विचारतो. हो म्हटलं की ओपनजीएफएक्स येतं. आमच्या एकाच मशीनला इंटरनेट आहे. तिथून सगळं पेनड्राइव्हवर घेतलं आणि बाकीच्यांवर ठेवलं. ओपनटीटीडीही जीपीएलखालीच आहे, आणि जीपीएलची अट अशी की प्रोग्राम दुसऱ्याला दिला तर त्याचा सोर्स कोडही त्याला मिळाला पाहिजे. आमच्याकडून मुलं गेम घरी नेणारच, म्हणून त्याच आवृत्तीचा सोर्स कोडही पेनड्राइव्हवर ठेवलाय. आजवर तो कुणी मागितला नाही. तरी ठेवलाय, कारण ज्यांनी एवढं दिलं त्यांनी मागितलं तेवढंच आहे. परवान्याची फाईल छापून बाईंना दिली. त्यांनी तिला पंच करून देणगी पावत्यांच्या फायलीत लावलं आणि वर खडूच्या पाटीवर लिहिलं: "हा गेम घरी न्यायला परवानगी आहे. पेनड्राइव्ह आणावा."

ती पाटी वाचून पहिल्या दिवशी अकरा मुलं आली. एकाने विचारलं, "आजोबा, खरंच न्यायचा? कुणी ओरडणार नाही?" मी म्हटलं, "नाही रे, ज्यांनी केलाय त्यांनीच सांगितलंय ने म्हणून."

सातवीतल्या एका मुलीने गेल्या आठवड्यात तीन गावांची फेरी बसवली. स्टँडना नावं दिली: बाजार, शाळा, मळा. मळ्याची बस रिकामी धावत होती. मी काही बोललो नाही. तिने चार फेऱ्या बघितल्या, वहीत आकडे लिहिले, मळ्याची एक गाडी कमी केली आणि तीच बाजार-शाळा मार्गावर लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता भरते बघा." भरली.

तीन मशीनवर गेम चालू आहे. चौथ्याची हार्ड डिस्क बदलायची आहे, ती आली की रविवारी टाकतो. तोवर टेबलावरच्या वहीत नाव लिहून नंबर लावायचा; माणशी पाऊण तास.